दाट आणि विरळ : दामोदर कोसंबी

रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीच्या काठी दासगाव नावाचे गाव आहे. पूर्वी ते बंदर होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने आले, ते दासगावलाच उतरले आणि तेथून पुढे महाडला गेले.

मालाने भरलेले गलबत समुद्रातून सावित्रीच्या खाडीत शिरले आणि दासगावच्या दिशेने वर येऊ लागले, की ते पाण्यात थोडे अधिक बुडते. वाटेत कोणी माल वाढवलेला नसतो. मग असे का होते? बदल गलबतात नाही, पाण्यात झालेला असतो. समुद्राच्या एक लिटर पाण्याचे वजन सुमारे १ किलो २५ ग्रॅम भरते. नदीच्या गोड्या पाण्याचे वजन १ किलोच भरते. गोडे पाणी कमी दाट असते. म्हणून तेवढाच भार तोलण्यासाठी गलबताला जास्त पाणी बाजूला सारावे लागते. विज्ञानाच्या पुस्तकात याला घनता म्हणतात. तुम्ही उर्दूत तिला कसाफत म्हणता.

आता एक गंमत पाहा. मुंबईची वस्ती दाट आहे, असे मराठीत आपण म्हणतो. उर्दूत मात्र तुम्ही बहुधा गुंजान आबादी म्हणता. पाणी दाट असणे आणि वस्ती दाट असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे उर्दूतील दोन शब्द सहज दाखवून देतात. मराठीत दोन्ही ठिकाणी घनता हाच शब्द चालतो. २०११ च्या जनगणनेनुसार रायगड जिल्ह्याच्या लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला ३६८ होती आणि साऱ्या महाराष्ट्राची ३६५. म्हणजे जवळजवळ सारखीच. पण पनवेलच्या गर्दीत राहणारा माणूस आणि पोलादपूरच्या डोंगरात राहणारा माणूस, दोघेही त्या ३६८ मध्ये मोजलेले आहेत. सरासरी काही सांगते, तसे बरेच लपवतेही.

गणितात हा शब्द आणखी निराळ्या अर्थाने येतो. १/३ आणि १/२ या दोन अपूर्णांकांच्या बरोबर मध्ये ५/१२ हा अपूर्णांक असतो. १/३ आणि ५/१२ यांच्या मध्येही एक असतो. कोणतेही दोन अपूर्णांक घ्या, त्यांच्या मध्ये तिसरा सापडतोच. म्हणून गणिती लोक म्हणतात, की संख्यारेषेवर अपूर्णांक दाट आहेत. येथे वजन नाही, क्षेत्रफळ नाही, भागाकारही नाही. शब्द तोच, पण अर्थ पार बदलला.

दाट काय आणि विरळ काय, हे नाण्यांत, दगडांत आणि आकड्यांत शोधण्यात ज्यांनी आयुष्य घालवले, अशा एका विद्वानाची ओळख आज आपण करून घेणार आहोत. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें या गावी झाला. घरात त्यांना बाबा म्हणत. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे मोठे पंडित होते. ज्ञानाच्या ओढीने तरुणपणीच ते घराबाहेर पडले होते आणि काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास करून शिकले होते. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ग्रंथसंपादनाच्या कामासाठी बोलावले. १९१८ मध्ये ते अमेरिकेला निघाले, तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरला त्यांनी बरोबर नेले. दामोदर तेथील शाळेत शिकले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी मोठ्या सन्मानाने मिळवून भारतात परतले.

प्रथम त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवले. त्या सुमारास अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आंद्रे व्हेल नावाचे तरुण फ्रेंच गणिती गणित विभागाचे प्रमुख होते. विभागात चांगली माणसे आणावीत, अशी त्यांची धडपड चालली होती. त्यांनी कोसंबींना बोलावून घेतले. अलीगढला कोसंबी सुमारे दोन वर्षे राहिले. नंतर ते पुण्याला आले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. पुणे हेच पुढे त्यांचे कायमचे गाव झाले.

पुण्यात त्यांनी एक काम हाती घेतले, ते ऐकून तुम्हांला नवल वाटेल. ते जुनी नाणी तोलू लागले. त्यांना संख्याशास्त्र, म्हणजे आकड्यांवरून निष्कर्ष काढण्याचे शास्त्र, शिकायचे होते. नुसती पुस्तके वाचून ते येत नाही. प्रत्यक्ष एखादा प्रश्न सोडवायला घ्यावा, असे त्यांनी ठरवले. तो प्रश्न त्यांना नाण्यांत मिळाला.

आपल्या देशातील फार जुनी नाणी चांदीची आहेत. चांदीच्या पत्र्याचे लहान तुकडे कापत आणि त्यांवर सूर्य, झाड, डोंगर, प्राणी असे छाप ठोकत. त्यांना आहत नाणी म्हणतात. एक नाणे साधारण तीन-साडेतीन ग्रॅमचे असे. त्यांवर राजाचे नाव नाही, सालही नाही. मग कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे कसे कळणार? १९२४ मध्ये तक्षशिलेला अशा नाण्यांची मोठी ठेव सापडली होती. तिच्यात सिकंदराची दोन नाणीही होती, आणि ती जवळजवळ कोरी होती. त्यावरून ठेव पुरल्याचा काळ कळला, पण आतल्या हजाराहून अधिक आहत नाण्यांचा क्रम कळला नाही.

कोसंबींनी असा विचार केला. नाणे हातोहात फिरते. प्रत्येक हात, प्रत्येक थैली त्याची किंचित चांदी झिजवते. म्हणजे जे नाणे जास्त काळ फिरले, ते जास्त हलके झाले असले पाहिजे. पण एकट्या नाण्यावर भरवसा ठेवता येत नाही. एखादे नाणे मुळातच थोडे जड कापलेले असेल, एखादे वर्षानुवर्षे मडक्यात पडून राहिले असेल. म्हणून एक नाणे नव्हे, तर शेकडो नाणी तोलायची.

समजा, एकाच जातीची शंभर नाणी तुम्ही तोललीत आणि प्रत्येकाच्या वजनासाठी वहीत एका रेषेवर एकेक ठिपका दिला. ठिपके सारखे पसरणार नाहीत. मध्ये एका ठिकाणी त्यांची दाटी होईल आणि दोन्ही टोकांना ते विरळ होत जातील. ही दाटी म्हणजे घनतेचा आणखी एक अर्थ. संख्याशास्त्रात तिला संभाव्यतेची घनता म्हणतात. कोणत्या वजनाच्या आसपास नाणे सापडण्याचा संभव जास्त आहे, हे ती सांगते. नाणी जसजशी जुनी होतात, तसतशी ही दाटी रेषेवर हलक्या बाजूला सरकते आणि पसरटही होते, कारण प्रत्येक नाण्याची झीज सारखी नसते.

हे खरे आहे का, ते पाहण्यासाठी कोसंबींनी त्या काळी बाजारात चालणारी हजारो नाणी जमवून तोलली. त्यांच्यावर साल छापलेले होते, त्यामुळे वय आणि वजन ताडून पाहता आले. मग ते प्राचीन नाण्यांकडे वळले. त्या नाण्यांच्या मागच्या बाजूला लहान लहान छाप होते. मागचे छाप जितके अधिक, तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. व्यापारी आणि सराफ नाणे तपासून वेळोवेळी मागे आपला छाप मारत असले पाहिजेत, असा अर्थ त्यांनी लावला. ज्या मुक्या तुकड्यांवर कोणाचे नाव नव्हते, ते बोलू लागले.

येथे पहिल्या प्रकारची घनताही आड येते, हे लक्षात ठेवा. चांदीच्या एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे १०.५ ग्रॅम, तर तांब्याच्या तेवढ्याच तुकड्याचे सुमारे ९ ग्रॅम असते. म्हणून तेवढ्याच आकाराच्या नाण्यात तांबे जास्त मिसळले, की नाणे न झिजताही हलके भरते. मौर्यांच्या काळातील नाण्यांत अशी भेसळ वाढलेली दिसते. राज्याच्या तिजोरीवर ताण आला असावा, असे कोसंबींनी त्यावरून सुचवले. त्यांच्या साऱ्या कामात हे नाण्यांचे काम मला सर्वांत सुंदर वाटते. हातात एक तराजू, समोर चांदीचे तुकडे आणि डोक्यात गणित, एवढ्यावर त्यांनी इतिहास वाचला.

१९४४ मध्ये त्यांनी आनुवंशशास्त्रात उपयोगी पडणारे एक सूत्र मांडले. आईवडिलांकडून मुलांना मिळणारे गुण ज्या जनुकांमुळे येतात, त्यांची एकमेकांपासूनची अंतरे काढण्यासाठी ते वापरतात. कोसंबींच्या नावाचे हे सूत्र आजही अभ्यासले जाते.

पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. होमी भाभा यांनी त्यांना बोलावले. तेथे ते १९६२ पर्यंत होते. राहायला मात्र पुण्यातच. डेक्कन क्वीन गाडीने ते मुंबईला ये-जा करीत. सुटीच्या दिवशी पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी हिंडत. अश्मयुगातील माणसांनी केलेली नखाएवढी दगडी हत्यारे तेथे जमिनीवर पडलेली असत. ती सगळीकडे सारखी सापडत नाहीत. काही पट्ट्यांत दाट, तर काही ठिकाणी एकही नाही. हे पट्टे म्हणजे गुरे घेऊन फिरणाऱ्या लोकांच्या जुन्या वाटा होत, असे कोसंबींनी दाखवून दिले. त्याच वाटांनी पुढे व्यापाऱ्यांचे तांडे गेले आणि वाटांच्या आसपास कार्ले, भाजे यांसारखी लेणी कोरली गेली. दासगावहून महाडला जाताना गांधारपाले येथे डोंगरात बौद्ध लेणी दिसतात. तीही बंदराकडून घाटाकडे जाणाऱ्या वाटेजवळच आहेत. १९५६ मध्ये कोसंबींनी भारताच्या इतिहासावर मोठा ग्रंथ लिहिला. गणित शिकलेल्या या माणसाने इतिहासकारांना नवी दृष्टी दिली.

आता त्यांच्या आयुष्यातील कठीण भागाकडे येऊ. २, ३, ५, ७, ११ या मूळ संख्या तुम्हांला माहीत आहेत. उर्दूत त्यांना मुफरद अदद म्हणतात. १ ते १०० मध्ये अशा २५ संख्या आहेत. १००० पर्यंत १६८ आहेत. १० लाखांपर्यंत ७८,४९८ आहेत. म्हणजे पहिल्या शंभरात चारांत एक, तर दहा लाखांपर्यंत सुमारे तेरांत एक. पुढे जाल तशा त्या विरळ होतात, पण संपत कधीच नाहीत. ही विरळ होण्याची रीत ठरावीक आहे. पण त्या रीतीपासून प्रत्यक्ष संख्या किती इकडेतिकडे सरकतात? याविषयी जर्मन गणिती रीमान यांनी १८५९ मध्ये एक अंदाज मांडला. तो अंदाज सिद्ध करणे हा गणितातील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक मानला जातो.

कोसंबींनी या प्रश्नाला हात घातला. त्यांची रीत नाण्यांच्या वेळचीच होती. जेथे मूळ संख्या विरळ, तेथे त्यांनी संख्यारेषेचे लांब तुकडे घेतले. जेथे दाट, तेथे आखूड. त्यामुळे प्रत्येक तुकड्यात सरासरीने सारख्याच मूळ संख्या आल्या. मग कोणत्या तुकड्यात प्रत्यक्षात किती आल्या, ते त्यांनी मोजले. पावसाचे पहिले थेंब अंगणातील फरश्यांवर पडतात, तेव्हा एखाद्या फरशीवर तीन, एखादीवर एक, तर एखादी कोरडीच राहते. मूळ संख्यांची विखुरणी तशीच दिसली. या आधारावर रीमान यांचा अंदाज सिद्ध होतो, असा दावा त्यांनी १९५९ मध्ये केला. त्यांचा लेख कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापून आला.

गणितज्ञांनी ती सिद्धता मान्य केली नाही. अडचण कोठे होती, ते तुम्हीही समजू शकाल. नाणे किती झिजेल, ते योगायोगावर अवलंबून असते. मूळ संख्या मात्र योगायोगाने पडत नाहीत. १००९ ही मूळ संख्या आहे. ती काल होती आणि उद्याही असणार. तिला दुसरीकडे पडण्याची मुभाच नाही. मूळ संख्या पावसाच्या थेंबांसारख्या दिसतात हे खरे, पण दिसणे आणि असणे यांत अंतर आहे. नाण्यांच्या दाटीसाठी जी रीत कामी आली, ती संख्यांच्या दाटीला जशीच्या तशी लागू पडली नाही.

या दाव्याने कोसंबींच्या नावाला मोठा धक्का बसला. अणुऊर्जेऐवजी सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करावा, असे त्यांचे मत होते आणि ते उघडपणे मांडीत. तेही अनेकांना रुचत नव्हते. १९६२ मध्ये संस्थेने त्यांची नेमणूक पुढे वाढवली नाही. वयाच्या ५५ व्या वर्षी ते घरी बसले. पण मूळ संख्यांना त्यांनी सोडले नाही. एस. ड्युक्रे या टोपणनावाने ते त्यांच्यावर लेख लिहीत राहिले. टेकड्यांवर फिरणे आणि इतिहासाचे लेखनही चालूच होते. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने २००८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. रीमान यांचा तो अंदाज आजही कोणी सिद्ध करू शकलेले नाही.