न्याय्य वाटणीचा गणिती : मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी

घरातील कर्ता माणूस अल्लाहला प्यारा झाला की काही दिवसांतच एक प्रश्न उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. मागे राहिलेल्या मालमत्तेत कोणाचा किती हिस्सा? नमाजच्या रकअतींची संख्या आपल्याला सुन्नतीतून कळते; वारशाचे अपूर्णांक मात्र खुद्द कुरआनात, सूरह निसामध्ये आले आहेत. अर्धा, पाव, आठवा. दोन तृतीयांश, एक तृतीयांश, सहावा. ज्याला अपूर्णांकांची बेरीज जमत नाही, त्याची श्रद्धा कितीही दृढ असली तरी हा हुकूम त्याच्या हातून नीट पाळला जाणार नाही. ही अडचण ओळखून जनसामान्यांसाठी गणिताचा ग्रंथ लिहिणाऱ्या एका थोर मुस्लिम विद्वानाचा परिचय आज आपण करून घेऊ.

मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी (रह.) यांचा जन्म इ. स. ७८० च्या सुमारास झाला. ख्वारिज्म हा अरल समुद्राच्या दक्षिणेकडील प्रदेश. आज तो उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान या देशांत विभागला गेला आहे. त्यांच्या नावावरून त्यांच्या घराण्याचे मूळ तेथील असावे असे मानतात. त्यांची कर्मभूमी मात्र बगदाद. खलिफा मन्सूर यांनी ७६२ मध्ये वसविलेले हे शहर तेव्हा ज्ञानाची आणि व्यापाराची मोठी पेठ होते.

त्यांच्या तरुणपणी बगदादने वाटणीचा एक कटू प्रसंग पाहिला. खलिफा हारून रशीद यांनी आपल्या हयातीतच अमीन आणि मामून या दोन पुत्रांमध्ये राज्याची व्यवस्था लावली आणि त्यांचे करारनामे मक्केत काबागृहात ठेवविले. तरीही पित्याच्या निधनानंतर भावाभावांत युद्ध पेटले, बगदादला वेढा पडला आणि ८१३ मध्ये अमीन मारले गेले. वाटणी कागदावर असून भागत नाही. वाटणाऱ्यांच्या मनात न्याय आणि ईश्वराचे भय असावे लागते, हा धडा त्या पिढीने रक्ताच्या किमतीवर घेतला.

मामून खलिफा झाले. विद्येचे ते मोठे चाहते होते. त्यांच्या बैतुल हिक्मा या ग्रंथभांडारात ग्रीक, सिर्याक, फारसी आणि संस्कृत परंपरेतील ज्ञान अरबीत येत होते. अल-ख्वारिज्मी तेथेच काम करीत. मामून यांच्याच प्रोत्साहनाने त्यांनी अल-जब्र आणि अल-मुकाबला या विषयावर संक्षिप्त ग्रंथ रचला. जब्र म्हणजे मोडलेले सांधणे, उणे पडलेले भरून काढणे; मुकाबला म्हणजे दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून समतोल करणे. याच शास्त्राला आपण मराठीत बीजगणित म्हणतो आणि जग अल्जिब्रा म्हणते.

हा ग्रंथ कोणासाठी लिहिला, हे त्यांनी प्रस्तावनेतच स्पष्ट केले आहे. वारसा, वसिय्यत, वाटणी, दावे, व्यापार, जमिनीची मोजणी आणि कालव्यांची खोदाई यांत लोकांना ज्या हिशेबाची नित्य गरज पडते, तो सोपा करून देणे हा त्यांचा हेतू होता. या ग्रंथात आजच्यासारखे एकही चिन्ह नाही. सारी उदाहरणे शब्दांत आहेत. संख्यासुद्धा शब्दांतच लिहिल्या आहेत.

मोजणीच्या प्रकरणात ते अगदी पायापासून आरंभ करतात. एक हात लांब आणि एक हात रुंद असा चौरस म्हणजे क्षेत्रफळाचे एक माप. दोन हात लांब आणि दोन हात रुंद चौरसात अशी चार मापे मावतात. हे बालबोध वाटेल, पण येथेच किती घरांत फसगत होते ते पाहा. मी माझे एक उदाहरण देतो. एका भावाला १० हात लांब व १० हात रुंद तुकडा मिळाला आणि बहिणीला १८ हात लांब व २ हात रुंद. दोन्ही तुकड्यांभोवती दोरी फिरवा. दोन्हींची परिमिती ४० हात भरेल. वरवर पाहता वाटणी समान आहे. पण भावाच्या तुकड्याचे क्षेत्रफळ १०० चौरस हात आणि बहिणीच्या तुकड्याचे अवघे ३६. कुंपण सारखे, जमीन मात्र जवळजवळ तिपटीने कमी-जास्त.

साऱ्या जमिनी चौकोनी नसतात, म्हणून ते तीनकोनी जमिनीकडे वळतात. तिच्या बाजू १३, १४ आणि १५ हात. परिमिती ४२ झाली, पण क्षेत्रफळ किती? ते १४ हातांची बाजू पाया धरतात आणि समोरच्या कोनातून त्यावर लंब टाकतात. हा लंब पायाचे ५ आणि ९ असे दोन भाग करतो आणि त्याची लांबी १२ हात निघते. पायाच्या निम्म्याला, म्हणजे ७ ला, १२ ने गुणले की ८४ चौरस हात. वर्तुळाच्या परिघासाठी व्यासाला तीन पूर्णांक एक सप्तमांशाने गुणण्याची व्यवहारातील रीत ते देतात, आणि ती तंतोतंत नाही हेही प्रामाणिकपणे सांगतात. मग ते ६२,८३२ आणि २०,००० यांचे गुणोत्तर नोंदवितात. हेच गुणोत्तर भारताच्या आर्यभटांनी ४९९ मध्ये दिले होते.

घनफळाचे त्यांचे उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. एका खांबाचा तळ ४ हात लांब-रुंद, माथा २ हात लांब-रुंद आणि उंची १० हात. उतावळा माणूस तळाचे १६ आणि माथ्याचे ४ यांची सरासरी १० घेऊन तिला उंचीने गुणील आणि १०० घनहात सांगून मोकळा होईल. अल-ख्वारिज्मी तसे करीत नाहीत. ते खांब मनाने टोकापर्यंत वाढवितात. पूर्ण सुळक्याची उंची २० हात होते आणि घनफळ १०६ पूर्णांक दोन तृतीयांश. त्यातून वरच्या काल्पनिक सुळक्याचे १३ पूर्णांक एक तृतीयांश वजा केले की खरे उत्तर ९३ पूर्णांक एक तृतीयांश घनहात. कंत्राटदाराची मजुरी घनफळावर ठरत असेल, तर ही तफावत कोणाच्या तरी खिशातून जाणारच. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह मुतफ्फिफीनचा कडक इशारा आहे, तो केवळ तराजूपुरता समजू नये.

ग्रंथाचा सुमारे अर्धा भाग वसिय्यत आणि वारसा यांना दिला आहे. त्यातील एक उदाहरण आपण पायरीपायरीने सोडवू. एक स्त्री मृत्यू पावली. मागे पती, एक मुलगा आणि तीन मुली. तिने एका परक्या व्यक्तीसाठी मालमत्तेचा आठवा अधिक सातवा भाग देण्याची वसिय्यत केली होती.

आधी वारस पाहू. मुले असल्यामुळे पतीचा पाव हिस्सा. मालाचे ४ भाग केले तर १ पतीचा, ३ उरले. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे मुलाचे २ आणि तीन मुलींचे ३ असे ५ वाटे. पण ३ ला ५ ने भाग जात नाही. म्हणून ४ ला ५ ने गुणून २० भाग करायचे. पतीला ५, मुलाला ६, प्रत्येक मुलीला ३. आता वसिय्यत. ८ आणि ७ या दोहोंनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या ५६. तिचा आठवा भाग ७, सातवा ८, मिळून १५. हे एक तृतीयांशाच्या आत असल्याने शरीअतीने घातलेली मर्यादा ओलांडली जात नाही. उरले ४१, पण ४१ ला २० ने भाग जात नाही. म्हणून ५६ ला २० ने गुणायचे : ११२०. त्यातून वसिय्यतीचे ३०० आधी काढले की ८२० उरतात. पतीला २०५, मुलाला २४६ आणि प्रत्येक मुलीला १२३. बेरीज करून पाहा. एक दिरहमही इकडचा तिकडे होत नाही.

वाचकहो, शाळेत मुले विभाज्यतेच्या कसोट्या आणि लसावि घोकतात आणि याचा उपयोग काय असे विचारतात. त्यांना हे उदाहरण दाखवा. मदरशात फराइज शिकताना आम्हीही हाच हिशेब करीत होतो. कुठे भाग जातो आणि कुठे जात नाही, हे कळल्याशिवाय एकही मसला सुटत नसे. पूर्ण भाग जाईपर्यंत संख्या वाढवीत नेणे, म्हणजे कोणाच्याही हिश्शाचा कण वाया जाऊ न देणे होय.

अल-ख्वारिज्मींनी इतर विषयांतही मोठे काम केले. सुमारे २४०० ठिकाणांचे अक्षांश-रेखांश देणारा भूगोलाचा ग्रंथ त्यांनी रचला. भारतीय परंपरेवर आधारलेली खगोलशास्त्रीय कोष्टके तयार केली. शून्यासह दहा चिन्हांत कोणतीही संख्या लिहिण्याची भारतीय पद्धत त्यांनी एका पुस्तकात समजावून सांगितली. त्याची मूळ अरबी प्रत आज उपलब्ध नाही. बाराव्या शतकातील लॅटिन रूपांतर टिकले. त्या लॅटिन रूपात त्यांच्या नावाचा जो उच्चार झाला, त्यातूनच अल्गोरिदम हा शब्द आला. बीजगणिताचा ग्रंथही ११४५ मध्ये स्पेनमध्ये लॅटिनमध्ये उतरला आणि पुढे युरोपच्या विद्यालयांत पोहोचला. इ. स. ८५० च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

आपल्या मुलाबाळांच्या हातातील प्रत्येक मोबाइल आज त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रीतींवर चालतो. पण ज्या कामासाठी त्यांनी लेखणी उचलली, ते काम आपल्या घरांत किती होते? बहिणीने मन मोठे करावे असे सांगून तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. आपला हिस्सा किती होता, हे तिला त्या दिवशीही कोणी सांगत नाही. जो हिस्सा कळलाच नाही, तो राजीखुशीने सोडला असे कसे म्हणता येईल?

तेव्हा या महिन्यात एक काम करा. रात्री जेवणानंतर मुलांना आणि मुलींना जवळ बसवा, वरचे उदाहरण त्यांच्याकडून वहीत सोडवून घ्या आणि बेरीज ११२० येते का ते पाहा. मग आपल्या घरातील एखादी वाटणी अडून राहिली असेल तर जाणत्या आलिमांना विचारून तीही तशीच मांडा. अल्लाह आपल्याला अचूक हिशेबाची बुद्धी आणि तो अमलात आणण्याची हिंमत देवो. आमीन.