उलटं पंचांग मांडणारे मास्तर

जरीपटक्यात एकाच गल्लीत मराठी कॅलेंडरही दिसतं आणि हिंदीही. दोन्हींत जन्माष्टमीचं पान काढून बघा. एकात श्रावण वद्य अष्टमी, दुसऱ्यात भाद्रपद कृष्ण अष्टमी. दिवस तोच! आज आपला गोंधळ होत नाही, कारण दोन्ही पद्धती आपल्याला माहीत आहेत. पण दीड हजार वर्षांनी कुणाला नुसती तिथी कोरलेला दगड सापडला तर?

शंकर बाळकृष्ण दीक्षित असले दगड सोडवायचे. जन्म १८५३, दापोलीजवळचं मुरुड. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले. विद्यापीठाची पदवी नाही, कॅल्क्युलेटर तर सोडाच.

पुढच्या वर्षाचं पंचांग करणं त्या मानाने सोपं. एक ग्रंथ धरायचा आणि त्याच्या नियमाने आकडेमोड करत जायचं. मागे जाताना मात्र नियमच हरवलेला असतो. कोरणाऱ्याचा महिना अमावास्येला संपायचा की पौर्णिमेला? आकडा चालू वर्षाचा की सरलेल्या? वर्ष चैत्रात सुरू व्हायचं की कार्तिकात? प्रत्येक प्रश्नागणिक शक्यता दुप्पट.

सागर जिल्ह्यातल्या एरणच्या स्तंभावर बुधगुप्त राजाच्या काळातली नोंद आहे: वर्ष १६५, आषाढ शुक्ल द्वादशी, गुरुवार. शुक्ल पक्ष म्हणून महिन्याचा वाद तरी टळला. पण गुप्तांचं पहिलं वर्ष कोणतं, यावरच तेव्हा विद्वानांत दोनशेहून जास्त वर्षांचा फरक होता. म्हणजे अख्खं राजघराणं इतिहासात मागेपुढे सरकत होतं! जे. एफ. फ्लीट या लेखांवर काम करत होते. त्यांच्यासाठी गणित दीक्षितांनी केलं. उत्तर आलं २१ जून ४८४. वार गुरुवारच. अर्थात सातातून एकदा वार योगायोगानेही जुळतो, त्यामुळे एका लेखावर भागत नाही. इतर लेखही तपासावे लागले.

शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत, असा उल्लेख आहे. आता त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. त्यावरून दीक्षितांनी तो काळ इसवी सनापूर्वी ३०००च्या आसपासचा काढला. आकाशाचं गणित पक्कं आहे. पण लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलं की जुनी आठवण नोंदवली, हे गणिताला कसं कळणार? त्यावर वाद आजही आहे, आणि मला तो रास्त वाटतो.

१८९६ मध्ये त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ आला. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्यासोबत केलेलं ‘द इंडियन कॅलेंडर’ही. त्यातली कोष्टकं इसवी सन ३०० ते १९०० पर्यंतची आहेत. दीक्षित १८९८ मध्येच गेले. पंचेचाळिशीही गाठली नव्हती.