डिझेल पंपामागचे रॉबर्ट बॉश

अमरावती, अकोल्याकडे मालमोटारींचे पंप दुरुस्त करणारे जुने कारागीर आजही ‘मायको’चाच पंप म्हणतात. मायको म्हणजे १९५१ मध्ये स्थापन झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी. पुढे तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर तयार होऊ लागले आणि तिथल्या एका चौकाला मायको सर्कल हे नाव पडले. २००८ मध्ये कंपनी ‘बॉश’ झाली. ज्यांचे हे नाव, ते रॉबर्ट बॉश मात्र वऱ्हाडात फारसे कुणाला परिचित नाहीत.

जर्मनीत उल्मजवळच्या आल्बेक या खेड्यात २३ सप्टेंबर १८६१ रोजी त्यांचा जन्म झाला. बारा भावंडांतले ते अकरावे. सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी करून ते अमेरिकेला गेले, एडिसन यांच्या कारखान्यात राबले. परतल्यावर १५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांनी स्टुटगार्टमध्ये कार्यशाळा थाटली. हाताखाली एक कारागीर आणि एक पोऱ्या, एवढाच संसार. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोने त्यांना नाव आणि पैसा मिळवून दिला. १९०६ मध्येच त्यांनी कामगारांना आठ तासांचा दिवस दिला.

रुडॉल्फ डिझेल यांच्या मूळ इंजिनात इंधन फवारण्यासाठी दाबाखालची हवा लागे. त्यासाठीचा कॉम्प्रेसर इतका अवजड, की ते इंजिन कारखान्यात आणि जहाजावरच शोभे. बॉश यांनी १९२२ मध्ये निव्वळ डिझेल ढकलणारा पंप विकसित करण्याचे ठरवले. १९२७ मध्ये त्याचे नियमित उत्पादन सुरू झाले आणि डिझेलवर चालणाऱ्या मालमोटारीचा मार्ग मोकळा झाला.

पंपाचे काम सांगायला सोपे, साधायला कठीण. प्रत्येक सिलिंडरला नेमक्या क्षणी, सारखेच डिझेल मिळाले पाहिजे. हवेच्या मानाने ते जास्त झाले तर काळा धूर, कमी पडले तर चिखलदऱ्याच्या घाटात गाडी ओढत नाही. म्हणून पंप बेंचवर फिरवून मापनळ्यांत पडणारे डिझेल ताडून पाहतात. नोझलचा दाब आणि फवारा वेगळा तपासतात. नव्या गाड्यांत आत जाणारी हवा सेन्सर मोजतो आणि अनेक इंजिनांत इंजेक्टर बदलला की त्यावरचा संकेतांक गाडीच्या संगणकात भरावा लागतो. साधने बदलली, हवा आणि डिझेलचा हिशेब तोच राहिला.

बॉश यांचे अखेरचे दशक मात्र अवघड प्रश्न मागे ठेवते. फ्रान्स आणि जर्मनीचा समेट व्हावा, अशी इच्छा बाळगणाऱ्या या उद्योजकाचा कारखाना हिटलरच्या काळात शस्त्रसज्जतेच्या कामाला जुंपला गेला. महायुद्धात तिथे हजारो वेठबिगार राबवले गेले. त्याच वेळी बॉश आणि त्यांचे निकटचे सहकारी छळ होणाऱ्या ज्यूंना मदत करत होते, राजवटीचे विरोधक कार्ल गोर्डेलर यांना त्यांनी सल्लागार म्हणून आश्रय दिला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

१२ मार्च १९४२ रोजी बॉश यांचे निधन झाले. नाझी राजवटीने त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार केले. गोर्डेलर यांना त्याच राजवटीने २ फेब्रुवारी १९४५ रोजी देहदंड दिला.