अब्बासउद्दीन अहमद : गावच्या बोलीचा गायक

(अब्बासउद्दीन अहमद हे बंगालचे नामवंत लोकगायक. खेड्यातील गाडीवान, गुराखी आणि नावाडी यांची गाणी त्यांनी शहरातल्या लोकांपर्यंत पोहोचवली. आपल्या बोलीची लाज न बाळगणाऱ्या या कलावंताच्या जीवनाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

हिमालयाच्या पायथ्याजवळ, बंगालच्या उत्तरेला कूचबिहार नावाचे एक संस्थान होते. तोरसा, कालजानी, रायडाक अशा अनेक नद्या या प्रदेशातून वाहतात. पावसाळ्यात त्या दुथडी भरतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात वाळूचे पट्टे उघडे पडतात. शंभर वर्षांपूर्वी येथील रस्ते कच्चे होते. धान्य, ताग, तंबाखू असा माल बैलगाडीतून दूरदूर न्यावा लागे. गाडीवान कित्येक दिवस घराबाहेर राहत. म्हशी राखणारे गुराखी नदीकाठच्या कुरणांत महिनोन्महिने मुक्काम करत. हत्ती पकडण्यासाठी माहूत जंगलात जात. घरी त्यांची बायकामुले वाट पाहत बसत.

या वाट पाहण्यातून तेथे एका गीतप्रकाराचा जन्म झाला. त्याचे नाव भावैया. भावैया गाताना गायकाचा आवाज मध्येच मोडतो आणि पुन्हा जुळतो. खाचखळग्यांच्या वाटेवर गाडीला हादरे बसत आणि गाडीवानाचा सूर तुटे, त्यातूनच ही रीत पडली, असे सांगतात. भावैयाच्या साथीला दोतारा हे वाद्य असते. त्याचे नाव दोतारा असले, तरी त्याला बहुधा चार तारा असतात.

अशा या प्रदेशात, तूफानगंज गावाजवळील बलरामपूर या खेड्यात, २७ ऑक्टोबर १९०१ रोजी अब्बासउद्दीन यांचा जन्म झाला. त्यांचे वडील जफर अली अहमद हे तूफानगंजच्या न्यायालयात वकिली करत. घर सुशिक्षित होते. मुलाने शिकून मोठे व्हावे, अशीच अशा घरात अपेक्षा असते. अब्बासउद्दीन शाळेत गेले, पुढे महाविद्यालयातही गेले; पण त्यांचे मन गाण्यात रमले होते. शेतात राबणारे शेतकरी आणि रस्त्याने जाणारे गाडीवान हेच त्यांचे पहिले उस्ताद होते. कानावर पडेल ते गाणे ते मनात साठवत आणि जसेच्या तसे गाऊन दाखवत. शास्त्रीय संगीताचे धडे त्यांनी बऱ्याच उशिरा, कलकत्त्यात उस्ताद जमीरुद्दीन खाँ यांच्याकडे, तेही थोडाच काळ घेतले.

१९३० च्या सुमारास ते कलकत्त्याला आले. पोट भरण्यासाठी त्यांनी सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी धरली. दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात गाणे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. तो काळ ग्रामोफोनचा होता. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. अब्बासउद्दीन यांच्या पहिल्या तबकडीवर नव्या धाटणीची प्रेमगीते होती. लोकांना त्यांचा आवाज आवडला.

त्या काळी बंगाली गाण्यांच्या तबकड्या घेणारे ग्राहक बहुतेक हिंदू होते. त्यामुळे काही मुसलमान गायकांनी आपले खरे नाव झाकून ठेवले होते. मोहम्मद कासिम या प्रसिद्ध गायकाच्या तबकड्यांवर के. मल्लिक असे नाव छापले जाई. अब्बासउद्दीन यांनी मात्र आपले नाव बदलले नाही. ज्या नावाने आईवडील हाक मारत, त्याच नावाने ते गायले.

याच सुमारास थोर कवी काझी नजरुल इस्लाम ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी लिहीत होते. दोघांची गाढ मैत्री झाली. वयाने मोठ्या असलेल्या नजरुल यांना अब्बासउद्दीन काझीदा म्हणत. एके दिवशी अब्बासउद्दीन यांच्या मनात एक विचार आला. प्यारू कव्वाल यांच्या उर्दू कव्वाल्यांच्या तबकड्या बाजारात भराभर खपत होत्या. मग मुसलमानांच्या सणांची आणि श्रद्धेची गाणी बंगालीतही का असू नयेत? खेड्यातील लाखो मुसलमानांची भाषा बंगालीच होती. नजरुल यांना ही कल्पना पटली. परंतु कंपनीचे अधिकारी भगवती भट्टाचार्य यांनी साफ नकार दिला. अशी गाणी कोणी विकत घेणार नाही, असे त्यांना वाटले.

अब्बासउद्दीन निराश झाले, पण त्यांनी नाद सोडला नाही. सहा महिने गेले. एकदा भट्टाचार्य खुशीत असलेले पाहून त्यांनी पुन्हा विनंती केली. एकच तबकडी काढून पाहावी, खपली नाही तर पुन्हा काढू नये, एवढेच त्यांचे मागणे होते. या वेळी होकार मिळाला. नजरुल जवळच्याच खोलीत होते. त्यांनी चहा आणि पाने मागवली, दार लावून घेतले आणि थोड्याच वेळात रमजानच्या रोज्यांनंतर येणाऱ्या ईदचे गाणे लिहून तयार केले. चाल बांधून त्यांनी ते लगेच अब्बासउद्दीन यांना शिकवले. तबकडीच्या दुसऱ्या बाजूसाठी त्यांनी आणखी एक गाणे लिहिले. काही दिवसांतच दोन्ही गाणी ध्वनिमुद्रित झाली.

१९३२ च्या फेब्रुवारीत ईद आली. अब्बासउद्दीन सणासाठी गावी गेले. परत आल्यावर ते ट्रामने कचेरीला निघाले, तेव्हा शेजारी बसलेला एक तरुण तेच ईदचे गाणे गुणगुणत होता. त्यांना नवल वाटले. संध्याकाळी मैदानावर फिरायला गेले, तर तेथेही मुलांच्या घोळक्यात एक जण तेच गाणे गात होता. तबकडी बाजारात आल्याचे तेव्हा त्यांच्या ध्यानात आले! ते धावतच काझीदांकडे गेले. बुद्धिबळात रंगलेले नजरुल डाव टाकून उठले आणि त्यांनी अब्बासउद्दीन यांना मिठी मारली.

यानंतर नजरुल यांनी अशी कितीतरी गाणी लिहिली. ज्या घरांत गाणे ऐकणे चांगले मानले जात नव्हते, त्या घरांतही ती ऐकली जाऊ लागली. या गाण्यांना इतकी मागणी आली, की काही हिंदू गायकही मुसलमानी नावे घेऊन ती गाऊ लागले. ते ईदचे गाणे आजही बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये ईदचा चंद्र दिसताच घराघरांत वाजते.

एवढी कीर्ती मिळाली, तरी अब्बासउद्दीन यांना आपल्या गावची गाणी विसरता येत नव्हती. भावैयाची बोली कलकत्त्याच्या बंगालीहून वेगळी आहे. शहरी लोकांना ती गावंढळ वाटे. कंपनीलाही अशा गाण्यांविषयी शंका होती. नजरुल यांना भावैयाच्या चाली फार आवडल्या आणि त्या चालींवर त्यांनी शिष्ट बंगालीत गाणी लिहिली. अब्बासउद्दीन यांनी ती गायली आणि लोकांना ती आवडली. पण त्यांचे समाधान झाले नाही. केवळ चाल घेऊन बोली टाकून दिली, तर गाडीवानाचे दुःख अर्धेच उरते, असे त्यांना वाटे. शेवटी त्यांनी आग्रह धरून मूळ बोलीतील भावैया ध्वनिमुद्रित केली. ऐकणाऱ्यांना काही शब्द कळत नव्हते, तरी तो मोडणारा सूर थेट काळजाला भिडला. गावंढळ मानलेली बोली आता कलकत्त्याच्या दिवाणखान्यात ऐकू येऊ लागली.

कवी जसीमउद्दीन खेडोपाडी फिरून लोकगीते गोळा करत असत. त्यांच्या मदतीने अब्बासउद्दीन यांनी पूर्व बंगालची गाणीही गायली. नावाड्यांची भाटियाली, होड्यांच्या शर्यतीत गायिली जाणारी सारी, करबल्याची कथा सांगणारी जारी आणि मुरशिदाची आळवणी करणारी मुरशिदी असे अनेक प्रकार त्यांनी लोकप्रिय केले. दोतारावादक कानाईलाल शील यांची साथ त्यांना लाभली.

१९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. अब्बासउद्दीन ढाक्याला गेले आणि तेथे सरकारच्या प्रसिद्धी खात्यात लोकसंगीताचे काम करू लागले. पुढे कूचबिहार भारतात विलीन झाले. ज्या गावाची गाणी ते जन्मभर गायले, ते गाव आता सरहद्दीपलीकडे राहिले. दूर गेलेल्या माणसाची ओढ हा भावैयाचा विषय आता त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचाही विषय झाला. १९५५ मध्ये मनिला, १९५६ मध्ये जर्मनी आणि १९५७ मध्ये रंगून येथील परिषदांना ते उपस्थित राहिले. बलरामपूरच्या शेतातला सूर असा परदेशी पोहोचला.

३० डिसेंबर १९५९ रोजी ढाका येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र त्यानंतर, १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. १९८१ मध्ये बांगलादेश सरकारने त्यांना मरणोत्तर स्वाधीनता पुरस्कार दिला. त्यांचे पुत्र मुस्तफा कमाल बांगलादेशाचे सरन्यायाधीश झाले. दुसरे पुत्र मुस्तफा जमान अब्बासी यांनी लोकसंगीताच्या अभ्यासात नाव मिळवले. कन्या फिरदौसी रहमान प्रसिद्ध गायिका झाल्या. १९६४ मध्ये ढाक्यात दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा पहिले गाणे त्यांनीच गायले.

आज भावैया सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना गायली जाते. अब्बासउद्दीन शिष्ट बंगाली शिकले, त्या भाषेत गायले आणि तिच्यामुळेच मोठे झाले. मात्र नवी भाषा शिकताना त्यांनी आपली बोली टाकली नाही, आणि आपले नावही झाकले नाही. म्हणूनच बलरामपूरच्या गाडीवानाचे गाणे आज साऱ्या बंगालचे झाले आहे.

स्वाध्याय

१. भावैया गाताना गायकाचा आवाज मध्येच का मोडतो, असे सांगतात?
२. ईदच्या गाण्याची तबकडी कशी तयार झाली, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. शिष्ट बंगालीतील गाण्यांनी अब्बासउद्दीन यांचे समाधान का झाले नाही?
४. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांकडून एखादे जुने गाणे ऐका. ते केव्हा गातात, हे पाच-सहा ओळींत मराठीत लिहा.