आबे फारिया : किमया हातात नव्हती, ऐकणाऱ्याच्या मनात होती

बेळगावहून चोर्ला घाट उतरून पणजीला गेलेला माणूस मांडवीच्या काठी थोडा वेळ रेंगाळतोच. तिथं जुन्या सचिवालयाच्या, म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्याच्या बाजूला एक पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला पुरुष दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक बाई मागे कलंडली आहे. हा माणूस त्या बाईला मारतोय की काय, असं लहान पोरं हमखास विचारतात. मोठी माणसं फोटो काढतात आणि पुढं जातात.

तो माणूस मारत नाही, झोपवतो आहे. त्याचं नाव जुझे कुस्तोदिओ द फारिया. जग त्यांना आबे फारिया म्हणून ओळखतं. संमोहनाचं शास्त्र ज्यांच्यामुळं योग्य वाटेला लागलं, त्यांत या गोवेकर पाद्र्याचं नाव फार वर आहे. गोव्याचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. आज डोक्याला सुई न टोचता, कवटी न उघडता मेंदूवर इलाज करणारी यंत्रं आली आहेत. ती समजून घेताना फारियांचं आयुष्य आठवणं उपयोगाचं आहे.

बार्देशचा मुलगा

फारियांचा जन्म ३१ मे १७५६ चा, बार्देशातल्या कांदोळी गावचा. ते आईचं गाव. वडील काएतानो व्हितोरिनो द फारिया कोलवाळचे. निपाणीकर आजरा, आंबोली, सावंतवाडीमार्गे म्हापशाकडं जातात, तेव्हा नदीवरचा पूल ओलांडताना लागतं तेच हे कोलवाळ. घराणं मूळचं सारस्वत. अनंत शेणवी नावाच्या पूर्वजानं सोळाव्या शतकात धर्म बदलला, असं सांगितलं जातं.

आई-वडिलांचा संसार टिकला नाही. दोघांनी चर्चच्या परवानगीनं वेगळं व्हायचं ठरवलं. वडील लग्नाआधी पाद्री होण्याच्या वाटेवर होते, ते पुन्हा तिकडं वळले. आई जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. मुलगा वडिलांबरोबर राहिला. १७७१ च्या फेब्रुवारीत बापलेक जहाजात बसले आणि नोव्हेंबरात लिस्बनला पोचले. मुलाला तेव्हा नुकतं पंधरावं सरलं होतं. पुढं रोममध्ये शिक्षण झालं आणि १७८० साली तो पाद्री झाला.

गोव्यात घरोघरी सांगितली जाणारी एक गोष्ट या काळातली आहे. लिस्बनला राजघराण्यापुढं प्रवचन द्यायला तरुण फारिया उभे राहिले आणि समोरची बडी मंडळी बघून त्यांची वाचाच बसली. जवळ बसलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत सांगितलं, की ही सगळी भाजी आहे असं समज आणि काप. पोराची भीती पळाली आणि प्रवचन धडाक्यात झालं. गोष्ट जशीच्या तशी घडली का, हा प्रश्न वेगळा. पण गोव्यानं ती जपली, कारण तिच्यात फारियांचं सगळं पुढचं काम आलं आहे. घशात अडकलेला शब्द आपल्या भाषेतल्या एका वाक्यानं सुटला. कसलं औषध नाही, मंत्र नाही.

बंड, क्रांती आणि कैद

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंचा कट उघडकीला आला. गोव्याच्या पाद्र्यांना वरच्या जागा नाकारल्या जात होत्या, हे त्यामागचं मोठं दुखणं. कितीतरी जण पकडले गेले, १५ जणांना देहदंड झाला. लिस्बनमध्ये राहणाऱ्या फारिया बापलेकांवरही संशय आला. १७८८ साली मुलानं पॅरिस गाठलं.

पुढच्याच वर्षी तिथं क्रांती पेटली. १७९५ साली क्रांतिसरकारविरुद्ध उठलेल्या पॅरिसच्या एका तुकडीच्या पुढं हा गोवेकर पाद्री होता. ते बंड तोफा लावून मोडणारा तरुण अधिकारी म्हणजे नेपोलियन.

अलेक्झांडर द्यूमांच्या गाजलेल्या कादंबरीत, काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टोमध्ये, समुद्रातल्या किल्ल्यात कैदेत असलेला, बोगदा खणणारा एक विद्वान पाद्री फारिया आहे. जगाला नाव माहीत झालं ते या कादंबरीमुळं. मात्र द्यूमांनी त्याला इटालियन केलं आणि तुरुंगातच मारलं. खरे फारिया पुढं फ्रान्समध्ये तत्त्वज्ञान शिकवत होते आणि त्यांचं खरं काम अजून व्हायचं होतं.

लोहचुंबकाचं वेड

त्या काळात युरोपला एका उपचारानं झपाटलं होतं. व्हिएन्नाचा डॉक्टर फ्रान्झ मेस्मर सांगायचा, की माणसाच्या अंगात एक अदृश्य चुंबकी प्रवाह वाहतो आणि तो अडला की रोग होतो. आपल्या हातानं तो मोकळा करता येतो, असा त्याचा दावा. पॅरिसमध्ये त्यानं मोठा लाकडी टप मांडला. त्यातून लोखंडी कांब्या बाहेर काढलेल्या, भोवती रोगी बसलेले. कुणी थरथरायचं, कुणी किंचाळायचं, कुणी बेशुद्ध पडायचं. बरंही वाटायचं.

१७८४ साली राजा सोळाव्या लुईनं चौकशी समिती नेमली. तिच्यात अमेरिकेचे वकील बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी साधी युक्ती केली. बागेतल्या एकाच झाडावर चुंबकी प्रयोग करून घेतला आणि डोळे बांधलेल्या मुलाला वेगवेगळ्या झाडांना मिठी मारायला लावली. पोरगं बेशुद्ध पडलं, पण भलत्याच झाडापाशी. समितीनं निकाल दिला, की प्रवाह वगैरे काही नाही, हे सगळं कल्पनेचं काम.

समिती इथं थांबली. पण नुसत्या कल्पनेनं माणूस बेशुद्ध पडत असेल, तर ही कल्पना केवढी ताकदवान, हा खरा प्रश्न होता. तो फारियांनी हातात घेतला.

सुरुवातीला तेही चुंबकी ताकदीवर विश्वास ठेवून होते. एका मेजवानीत त्यांनी पिंजऱ्यातला पक्षी चुंबकी शक्तीनं मारून दाखवतो म्हणून पैज घेतली. पक्षी मजेत राहिला, फारिया दमले. लेखक शातोब्रियां तिथं होते, त्यांनी आठवणींत हे लिहून ठेवलं आहे.

झोपवणारा पाद्री

११ ऑगस्ट १८१३ रोजी पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर फारियांनी जाहीर वर्ग सुरू केले. रीत अगदी सोपी. माणसाला आरामात खुर्चीत बसवायचं. डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचं. मग एकदम खणखणीत आवाजात झोपण्याची आज्ञा द्यायची. जमलं नाही, तर उघडा तळहात डोळ्यांसमोर धरून हळूहळू जवळ आणायचा. ना टप, ना कांब्या.

मग ते जे सांगत, ते त्या काळच्या कुठल्याच बुवानं सांगितलं नसतं. माझ्यात कसलीही शक्ती नाही, हे त्यांचं म्हणणं. झोप येते ती समोरच्याच्या एकाग्रतेनं आणि विश्वासानं. सगळ्यांना ती येणार नाही, आणि येईल त्यालाही ती माझ्यामुळं आलेली नाही. झोपलेल्याला पाणी देऊन दारू म्हटलं, तर त्याला दारूची चव लागते. झोपेत दिलेली सूचना जागेपणी पाळली जाते. दुखणं कमी होतं. या अवस्थेला त्यांनी जागृत निद्रा अशा अर्थाचं नाव दिलं.

त्यांचं सगळंच बरोबर नव्हतं. काही लोकांना लवकर झोप लागते याचं कारण त्यांचं रक्त पातळ असतं, असं ते मानत. हे चुकीचं होतं. पण गुण हात फिरवणाऱ्यात नसून ऐकणाऱ्यात आहे, हा मुद्दा टिकला.

टिंगल आणि शेवट

चुंबकवाले त्यांच्यावर चिडले, कारण त्यांनी चुंबकच काढून टाकला. चर्चवाल्यांना यात सैतान दिसला. एका नटानं झोपेचं सोंग केलं आणि भर वर्गात डोळे उघडून त्यांची फजिती केली, असं सांगतात. १८१६ साली त्यांची टर उडवणारा एक फार्स पॅरिसच्या रंगमंचावर आला. लोक हसले आणि वर्ग ओस पडले. फारिया मुलींच्या एका वसतिशाळेत पाद्र्याची साधी नोकरी करत राहिले आणि पुस्तक लिहीत बसले. चार भाग लिहायचा बेत होता, पहिलाच झाला. २० सप्टेंबर १८१९ रोजी मेंदूच्या झटक्यानं ते गेले. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात त्यांना पुरलं, कबरीवर नावही राहिलं नाही.

काम मात्र मागं उरलं. त्यांचे वर्ग ऐकलेल्यांनी ते पुढं नेलं. इंग्लंडच्या जेम्स ब्रेडनं १८४३ मध्ये हिप्नॉटिझम हा शब्द रूढ केला. १८४५ पासून बंगालमध्ये हुगळीला डॉक्टर जेम्स एस्डेलनं भूल देणारं औषध नसताना रोग्यांना या झोपेत ठेवून शस्त्रक्रिया केल्या. फ्रान्सच्या नान्सी गावातल्या डॉक्टरांनी सूचना हाच उपचाराचा गाभा ठरवला आणि त्याचं श्रेय फारियांना दिलं.

चरित्रकार आणि सुरी

१९२५ साली फारियांवर पुस्तक लिहिलं ते लिस्बनच्या एगास मोनिझ या मोठ्या मेंदूतज्ज्ञानं. नुसत्या शब्दानं मन हलवणाऱ्या माणसाचं त्यांनी कौतुक केलं. त्याच मोनिझनी दहा वर्षांनी, १९३५ मध्ये, मनोरुग्णांच्या मेंदूचे पुढचे धागे कापण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. १९४९ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. पण हजारो रुग्ण त्या सुरीनं शांत झाले ते विचारशक्ती, उमेद आणि स्वभाव गमावून. पुढं ती पद्धत मागं पडली.

१९३८ मध्ये रोममध्ये विजेचा उपचार आला, ज्याला आपल्याकडं शॉक देणं म्हणतात. पूर्वी तो जागेपणी दिला जाई, म्हणून त्याची धास्ती घराघरांत बसली. आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देण्यास देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे. तीव्र नैराश्यात तो आजही गुणकारी आहे. अलीकडच्या आठवणी काही काळ पुसट होतात, बहुतेकांच्या परत येतात. उपचाराच्या आसपासच्या काही दिवसांची आठवण मात्र कधीकधी येत नाही.

१९८५ मध्ये इंग्लंडच्या शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर यांच्या गटानं डोक्यावर नुसती तारेची गुंडाळी धरून मेंदूचा ठरावीक भाग चेतवून दाखवला. मेस्मरचा चुंबक जणू परत आला, पण या वेळी तो मोजता येणारा होता. बदलत्या चुंबकी क्षेत्रामुळं मेंदूच्या वरच्या थरात बारीक वीजप्रवाह तयार होतो. २००८ मध्ये अमेरिकेनं नैराश्यासाठी हे यंत्र मान्य केलं. आठवड्यातून पाच दिवस, असे चार ते सहा आठवडे बसावं लागतं. भूल लागत नाही. डोकं दुखू शकतं, क्वचित फिट येते, डोक्यात धातू बसवलेल्यांना चालत नाही. स्मरणशक्तीला सहसा धक्का लागत नाही. पण या यंत्रानं किंवा डोक्याला मंद वीज देणाऱ्या उपकरणानं पोरांची बुद्धी तल्लख होते, अशी जाहिरात कुणी केली, तर सावध राहावं. निरोगी माणसाची बुद्धी अशानं वाढते, याचे पुरावे कच्चे आणि परस्परविरोधी आहेत.

ही यंत्रं तपासतात कशी? काही रुग्णांना खोटी गुंडाळी लावतात. टकटक आवाज तोच, प्रवाह नाही. त्यांतल्याही काहींना बरं वाटतं. त्याच्यावर जेवढा जास्त फरक पडेल, तेवढंच यंत्राचं श्रेय. फ्रँकलिनच्या बागेतलं झाड आजही असं उभं आहे. आणि खोट्या गुंडाळीनं जे बरं वाटतं, तो फारियांचा वाटा.

सीमाभागात

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं मनाचं दुखणं आजही आधी अंगारा-धुपाऱ्याकडं जातं. महाराष्ट्रात २०१३ पासून आणि कर्नाटकात २०२० पासून जादूटोण्याविरुद्ध कायदा लागू आहे, पण कायदा दारात उभा राहत नाही. भगताच्या शब्दानं चार दिवस बरं वाटतं, हे खोटं नसतं. बरं वाटतं ते ऐकणाऱ्याच्या मनामुळं, आणि पैसे मात्र भगत घेतो. फारिया तेवढं कबूल करून मोकळे झाले आणि म्हणून त्यांचं हसू झालं.

दुसरी अडचण भाषेची. पेशंट मराठीत रडतो, कागद कन्नड किंवा इंग्रजीत भरला जातो. जिथं अर्धा इलाज शब्दांचा आहे, तिथं ही अडचण लहान नाही. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, आणि त्यावर मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.

पणजीच्या पुतळ्यात बघणाऱ्याची नजर आधी पसरलेल्या हातांकडं जाते. ज्यांचा तो पुतळा, त्यांनी आयुष्यभर सांगितलं ते समोरच्या बाईकडं बघायला.