आजारी उस्तादाचं जकार्तातलं सुवर्ण

मुंबईत फुटबॉल पाहिलेल्या जुन्या मंडळींकडे हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचा विषय काढून बघा. १९५० ते १९५४, सलग पाच वर्षं त्यांनी कूपरेजवरचा रोव्हर्स कप दुसऱ्या कुणाला नेऊ दिला नाही. तो संघ घडवला मरहूम सय्यद अब्दुल रहीम यांनी. ‘मैदान’ सिनेमामुळे नव्या पोरांना त्यांचं नाव कळलं, हे बरंच झालं. आमच्यापैकी अनेकांनाही त्याआधी ते कुठे ठाऊक होतं?

१७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत जन्मलेले रहीम साहेब पेशाने शाळामास्तर. स्वतः फुटबॉल खेळले, मग शिकवू लागले. ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा, फक्त कमजोर पायानेच खेळायच्या स्पर्धा ते भरवत. पोरगं चार जणांना चकवून गेलं की आपण अजून टाळ्या पिटतो. रहीम साहेबांना चेंडू झटपट साथीदाराकडे गेलेला हवा असायचा.

१९५१ च्या दिल्ली एशियाडमध्ये त्यांच्या संघाने इराणला १-० ने हरवून सुवर्ण आणलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने धुतलं. आपले बरेच खेळाडू तर अनवाणी! त्यानंतर बूट सक्तीचे झाले. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता, रहीम साहेबांनी संघ नव्याने बांधला. १९५६ ला मेलबर्नमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने हॅटट्रिक केली, ऑस्ट्रेलिया ४-२ ने हरली आणि भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला.

मग १९६२, जकार्ता. रहीम साहेबांना फुफ्फुसाच्या कॅन्सरने घेरलं होतं. सिगारेट सुटत नव्हती, हेही लपवण्यात अर्थ नाही. पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ ने गेला. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेलसिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. इथे मास्तरांनी डाव टाकला. डोक्याला टाके असलेल्या या बचावपटूला त्यांनी सेमीफायनलला चक्क सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवलं. त्याने गोल केला आणि दक्षिण व्हिएतनाम ३-२ ने हरलं.

बाहेर वातावरण तापलेलं. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नाही, त्यावर आपल्या गुरुदत्त सोंधींनी जाहीर आक्षेप घेतला होता. जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. ४ सप्टेंबरच्या फायनलला खचाखच भरलेलं स्टेडियम आपल्या विरोधात ओरडत होतं आणि समोर पुन्हा तेच कोरियन. फ्लूतून उठलेला थंगराज गोलमध्ये उभा होता. गोव्याचा फ्रँको, हैदराबादचा युसुफ खान, पंजाबचा जर्नेल, सगळे त्या आरडाओरड्यात खेळले. पी. के. बॅनर्जीने पहिला गोल मारला, जर्नेलने दुसरा. कोरियाला एकच परतवता आला. २-१!

परतल्यावर तब्येत झपाट्याने ढासळली. ११ जून १९६३ रोजी रहीम साहेबांचा इंतकाल झाला, वय अवघं ५३. एशियाडमध्ये फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर भारताला मिळालेलं नाही.