दादासाहेब फाळके आणि त्यांचा छोटा कृष्ण

दादासाहेब फाळके यांचे खरे नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील संस्कृतचे पंडित होते. धुंडिराज मुंबईला जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याला कलाभवनात शिकले. फोटो काढणे, छापखाना चालवणे, जादूचे प्रयोग करणे असे पुष्कळ उद्योग त्यांनी केले.

एकदा मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. तेव्हा सगळे चित्रपट मुके असत. आपले राम-कृष्णसुद्धा असे पडद्यावर दिसले पाहिजेत, असे त्यांच्या मनाने घेतले. मग ते सारखे चित्रपट पाहू लागले. इतके, की त्यांचे डोळे बिघडले. बरे झाल्यावर १९१२ साली ते लंडनला गेले, काम शिकले आणि कॅमेरा घेऊन आले. आधी त्यांनी वाटाण्याचे रोप कसे वाढते याचा छोटा चित्रपट काढला. पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसले. आमच्या परसातला वाटाणा मी कितीदा बघत बसले, पण तो वाढताना कधीच दिसत नाही!

नंतर त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. तो ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्या काळी बायका चित्रपटात काम करायला तयार नसत. म्हणून राणी तारामती झाले अण्णा साळुंके. ते हॉटेलात काम करीत. पुढे ‘लंकादहन’मध्ये तर तेच राम आणि तेच सीता झाले. हे ऐकून आमचा वर्ग खूप हसला. ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी काम केले. त्या दोघी धीट होत्या.

दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी पैशासाठी आपले दागिने दिले. एवढ्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक त्याच करीत. शिवाय फिल्मच्या कामातही हात लावीत. मला वाटतं, चित्रपट दोघांनी मिळून काढला असंच म्हणायला पाहिजे.

आता माझी गोष्ट सांगते. गोकुळाष्टमीला आमच्या शाळेत नाटुकलं होतं. मला कृष्ण व्हायचं होतं. पण मुलगी कुठे कृष्ण होते का, असं म्हणून मुलं हसली. मी गप्प बसले आणि गवळण झाले. घरी जाऊन रडले.

नंतर एकदा बाईंनी आम्हाला शाळेच्या टीव्हीवर दादासाहेबांचा ‘कालिया मर्दन’ दाखवला. तो १९१९ सालचा आहे. त्यात कृष्ण कोण असेल? दादासाहेबांची लहान मुलगी मंदाकिनी! सुरुवातीला ती नुसत्या चेहऱ्याने हसते, रागावते आणि मग तिचाच कृष्ण होतो. ती पाण्यात कालिया नागाशी लढते तेव्हा सगळी मुलं चिडीचूप झाली. कुणीसुद्धा ती मुलगी आहे असं म्हणालं नाही.

माझ्या भावाला फक्त मारामारी आवडली. आजोबांनी जत्रेतल्या तंबूत पुष्कळ बोलपट पाहिले आहेत. गाण्याशिवाय सिनेमा म्हणजे अळणी भाजी, असं त्यांचं मत. मला तो अळणी वाटला नाही. मंदाकिनी न बोलता सगळं सांगते.

१९३१ साली बोलपट आले आणि मुके चित्रपट मागे पडले. दादासाहेबांनी १९३७ साली ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट काढला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ सालापासून त्यांच्या नावाने चित्रपटातला मोठा पुरस्कार देतात. अशा या थोर पुरुषाला माझा नमस्कार.

आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. पुढच्या गोकुळाष्टमीला मी इथे नसेन. म्हणून तिसरीच्या मुलींनी हे जरूर वाचावे. ज्या मुलीला कृष्ण व्हायचे असेल तिने सरळ हात वर करावा. कुणी हसलं तर त्याला मंदाकिनीचं नाव सांगावं.

– इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी